बेडकाचे अकरा खेळ आणि शून्यावरचा काटा

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच तुमची काळजी वाटेल. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि उजव्या अंगठ्यात संधिवात असताना, मी एका बेडकाला सदतीस दिवसांत चौदा हजार उड्या मारायला लावल्या आणि त्याच्या अकरा छोट्या खेळांची क्रमवारी लावली. एकट्यानं. कुणाच्याही मदतीशिवाय.

परवा संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत मी हेच वाक्य म्हटलं, तेव्हा ऐकायला तीन माणसं होती. पहिले वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर. निवृत्त झाले, पण समोरच्याच्या बोलण्यातल्या चुका बोटांवर मोजायची सवय गेली नाही. आणि आता इमारतीचे सेक्रेटरी झाल्यामुळे त्या चुका लेखी कळवायचीही सोय झाली आहे. दुसऱ्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. या बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडात बघतात, त्यामुळे त्यांच्यापुढे थाप मारताना माणूस तोंड कमी उघडतो. तिसरी माझी बायको. ती वाटाणे सोलत होती आणि ऐकत नव्हती, म्हणजे एकही शब्द सोडत नव्हती.

चौथी माझी नात, वय वर्षं दहा. सुट्टीसाठी त्याच सकाळी आली होती आणि टीव्हीपुढे गालिच्यावर मांडी घालून, कानांवर वाटीएवढे हेडफोन चढवून, बेडूक उडवत बसली होती. तिला आमचं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून तिला मी श्रोत्यांत धरलं नाही. ही माझी त्या संध्याकाळची एकमेव चूक. बाकीच्या आधीच झालेल्या होत्या.

मूळ हकिकत अशी. माझा मुलगा बोगदे खणतो. इंजिनिअर आहे, पण मला विचाराल तर खणतो. गेली दोन वर्षं तो फार दूरच्या देशात एका डोंगराच्या पोटात आहे. जाण्याआधी तीन आठवड्यांची रजा घेऊन तो इथे राहिला, येताना हे खेळाचं यंत्र आणि त्यातला हा बेडूक घेऊन आला. खोक्यावर छापलं होतं, ‘सहकुटुंब खेळण्यासाठी. वय वर्षं तीन आणि पुढे.’ पुढे म्हणजे कुठवर ते छापलेलं नव्हतं, म्हणून पुढेमागे मी स्वतःला पात्र धरलं.

बेडूक टोपी घालतो. ढगांवरून, दोरीच्या पुलांवरून, भोपळ्यांच्या पाठीवरून उड्या मारत जातो आणि वाटेत निळी बटणं गोळा करतो. ती कुणाच्या कोटाची, हे शेवटपर्यंत कळत नाही. ठरावीक बटणं जमली की मधेच एक छोटा खेळ उघडतो. असे एकूण अकरा. सरकारी नियमांना पोटनियम असतात तसे हे पोटखेळ. आणि पोटनियमांसारखीच खरी मेख यांतच असते.

बापलेकींनी तीन आठवडे याच गालिच्यावर बसून तो खेळ पूर्ण केला. दोनशे चाळीस बटणं, अकरा खेळांत अकरा सोन्याची पदकं. यंत्रात आपली प्रगती ठेवायला तीन कप्पे असतात; त्यांतल्या पहिल्यात नातीनं ती ठेवली आणि कप्प्याला नाव दिलं, ‘मी आणि बाबा’. बाबा बोगद्यात गेला. नात आईबरोबर त्यांच्या गावी गेली. यंत्र आमच्याकडे राहिलं, कारण शाळेच्या दिवसांत घरात खेळ नको असा सूनबाईंचा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. त्यानंतर सुट्टीत आली तरी नात तो कप्पा उघडायची नाही. नुसता बघायची. पुढचं बाबा आल्यावर, म्हणायची.

एक वाद मात्र त्या दोघांत शिल्लक होता. अकरांतला सगळ्यात चांगला खेळ कोणता? नातीच्या मते मधमाश्यांचा, बाबाच्या मते होडीचा. दोन वर्षं फोनवर हे चालू. शेवटी एके दिवशी तिचा मला फोन आला.

“आजोबा, तुम्ही दुकानदारांचे तराजू तपासायचात ना? मग यांचे पण नंबर लावून ठेवा. मी आणि बाबा, दोघंही तुमचं ऐकू. फक्त पहिल्या कप्प्याला हात लावू नका हं. दुसऱ्यात खेळा.”

आता इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी चौतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. बाजारात मी शिरलो की तराजू आपोआप सरळ होत, असं लोक म्हणत. निदान मी म्हणे. त्या कामातला पहिला धडा असा की कुठलाही तराजू तपासायचा तर आधी पारडी रिकामी करायची आणि काटा शून्यावर आणायचा. पारड्यात आधीचं काही राहिलं असेल तर पुढचं सगळं माप खोटं. हे इतकं हाडीमासी खिळलंय की मी घरी साखरेचा डबा भरतानासुद्धा आधी उपडा करून ठोकतो.

तर मी चहाचा कप घेऊन बसलो, टीव्ही लावला, पडद्यावर तीन कप्पे आले. दोन रिकामे, एक भरलेला. निरीक्षकाचं लक्ष रिकाम्या पारड्याकडे जात नाही. यंत्रानं विचारलं, हे पुसायचं? मी हो म्हटलं. खात्री आहे का, विचारलं. हो. परत विचारलं, नक्की खात्री आहे का. चौतीस वर्षांत मला असं दोनदा विचारायची कुणाची टाप नव्हती. मी जरा घुश्शातच बटण दाबलं. काटा शून्यावर आला.

तो भरलेला कप्पा विरत असताना, अर्धाएक क्षण, मला त्याचं नाव वाचता आलं.

चहा तसाच राहिला. बायको बाहेर आली, काय झालं म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, वीज गेली होती मधे. डोक्यावर पंखा गरगरत होता. तिनं पंख्याकडे पाहिलं आणि आत गेली. दोन शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

माझ्यापुढे तीन मार्ग होते. नातीला फोन करून सांगणं. मुलाला फोन करून, पुसलेलं परत आणता येतं का ते विचारणं. किंवा ती यायच्या आत, सदतीस दिवसांत, दोनशे चाळीस बटणं आणि अकरा पदकं स्वतः मिळवून कप्पा होता तसा करून ठेवणं. अक्कल असलेल्या माणसानं पहिला मार्ग धरला असता, थोडी कमी असलेल्यानं दुसरा. मी क्रमवारी तिसऱ्यापासून सुरू केली.

दुसरा का नाही, हे हेडमास्तरांनी विचारलंच. म्हणून सांगितलं. मुलगा चौदा वर्षांचा असताना त्याच्याकडे तळहाताएवढा एक खेळ होता. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक ठिपका दुसऱ्या ठिपक्याला खायचा. परीक्षा तोंडावर आली आणि मी तो जप्त केला. नुसता काढून घेतला असता तर बाप झालो असतो. मी रीतसर जप्त केला. खात्याच्या पावतीपुस्तकातली पावती फाडली. ‘जप्त माल: नग एक. कारण: अभ्यासात व्यत्यय. परीक्षेनंतर परत.’ खाली सही, शिक्का, पावती क्रमांक सत्तावीसशे सोळा. घरात सगळे हसले. मीही हसलो. तो हसला की नाही ते मी पाहिलं नाही.

परीक्षा झाली. पण मी विसरलो. कपाटातून तो खेळ काढला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आतली बॅटरी फुटून पाझरली होती, पडदा हिरवा पडला होता. त्यानं हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “असू दे.” तेव्हापासून आमचं तसंच चालू आहे. तब्येत कशी आहे, हवा कशी आहे, असू दे. भांडण नाही हो. भांडण असतं तर ते मिटवता आलं असतं.

अशा माणसाला मी फोन करून सांगू, की तुझा अजून एक खेळ मी बंद पाडला?

तेव्हा कामाला लागलो. पहिल्या दिवशी बेडूक बेचाळीस वेळा खड्ड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर सोफ्यावरून पडलो, कारण तो उडी मारताना मीही मारत असे. अशी गोष्ट इमारतीत लपत नाही. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर खाली आले. क्रमवारी लावायची तर निकष हवेत, असं त्यांचं म्हणणं. शंभर गुण: सोपेपणा वीस, रंजन वीस, चिकाटी वीस, आणि बोध चाळीस. बोध कसला, विचारलं तर म्हणाले, प्रत्येक खेळातून मुलाला काय शिकायला मिळतं. मी त्यांना मासे पकडण्याचा खेळ दाखवला. बेडूक गळ टाकून बसतो, चार मिनिटं काही होत नाही, मग गळ रिकामा वर येतो. हेडमास्तरांनी चष्मा लावून तीन वेळा पाहिलं आणि बोधाचे चाळीसपैकी चाळीस दिले. आयुष्य असंच असतं, म्हणाले. मी त्याला अकरावा क्रमांक दिला. आयुष्य असंच असतं म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी माझा अंगठा तपासला. तो त्यांचा विषय नाही, पण त्या म्हणाल्या की हाड ते हाड. गरम पाण्यात बुडवा, रबरी चेंडू दाबा, आणि खेळताना दात आवळू नका. मी दात आवळत नाही म्हटलं तर बोट घालून दाखवलं, हा इथे, डावीकडचा मागचा झिजलाय. त्यांच्याकडून एक निकष मात्र मी घेतला. ज्या खेळात दात आवळले जातात तो खेळ नव्हे, नोकरी.

चौथा पोटखेळ ढोल वाजवण्याचा होता. बेडूक ज्या तालात वाजवेल त्या तालात आपण बटणं बडवायची. मला पदक मिळायला पाच दिवस लागले आणि हेडमास्तरांची नोटीस यायला दोन. दुपारी एक ते चार या वेळेत इमारतीत कुठलंही बांधकाम करू नये. मी लेखी उत्तर दिलं की बांधकाम चालू नसून वादन चालू आहे. त्यांनी लेखी कळवलं की ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं फरक पडत नाही. दोन्ही कागद माझ्या फाइलीत आहेत. त्याच संध्याकाळी ते मला एक जुना गालिचा देऊन गेले, पायाखाली घालायला. नोटीस सेक्रेटरीची, गालिचा शेजाऱ्याचा.

पण खरी सत्त्वपरीक्षा सहाव्या खेळात झाली. बेडूक फळांचं दुकान मांडतो. ससे, कासवं, साळिंदरं येतात, कुणी दोन किलो टरबूज मागतं, कुणी अर्धा किलो बोरं. आपण तराजूत टाकायचं, काटा मधे आला की घंटा वाजते. मला हसूच आलं. हे म्हणजे पाण्यात राहणाऱ्याला पोहायला सांगणं. आणि पहिल्याच मापात मी नापास. दुसऱ्यात नापास. मग पडद्याला नाक लावून पाहिलं, तर काय? तराजू खोटा होता! डावं पारडं चक्क खाली, आणि यंत्र म्हणतंय बरोबर. गिऱ्हाईक कासव, बिचारं हळू, त्याला काय कळणार.

मी यंत्र बंद केलं. खेळ अपात्र ठरवून यादीबाहेर काढणार होतो. तो तराजू मी पास केला असता तर चौतीस वर्षं ज्यांचे काटे मोडले त्या दुकानदारांना काय तोंड दाखवणार? दोन दिवस मी बेडकाला हात लावला नाही. बायको म्हणाली, बटणं किती झाली? मी म्हटलं, कसली बटणं? ती म्हणाली, वीज गेली होती तेव्हाची.

तिसऱ्या दिवशी मी बसलो आणि साठ जनावरांना खोट्या मापानं फळं विकली. सोन्याचं पदक मिळालं. आयुष्यातली माझी पहिली लबाडी, असं मी म्हणणार होतो, पण बायकोनं वाटाण्याची शेंग जरा जोरात फोडली, म्हणून ते वाक्य मी सोडून दिलं. एवढं मात्र खरं की कागदावर मी कधी खोटं लिहिलं नाही. खेळणारा कोण म्हणून यंत्रानं नाव विचारलं तेव्हा मी ‘आजोबा’ असंच टाकलं. वर कप्प्याला पूर्वीचंच नाव दिलं, आतली पानं कोण उघडून बघतंय. नोंद ती नोंद. तोंडी गोष्ट वेगळी.

इथवर बारा दिवस गेले होते आणि मग घुबड आलं.

चष्मा लावलेलं घुबड. ते रोज एक तास खेळून झालं की पडद्यावर येऊन म्हणायचं, आजचा खेळ संपला, आता बाहेर जाऊन मोकळ्या हवेत फिरून ये. आणि यंत्र बंद. मुलानं आपल्या मुलीसाठी लावलेलं कुलूप होतं ते. इतके दिवस मी ते उगाच विश्रांती समजत होतो. हिशोब मांडला. रोज एक तास, म्हणजे माझ्या गतीनं बटणं पूर्ण व्हायला अजून चार महिने. हातात पंचवीस दिवस.

यंत्र बनवणाऱ्यांचं मदत केंद्र असतं. तिथे फोन केला. सत्तावीस मिनिटं बासरी ऐकली, मग एक मुलगी बोलली. फार गोड. वेळेचं कुलूप काढायचंय म्हटल्यावर तिनं विचारलं, मुलाचं वय किती? मी म्हटलं, एकाहत्तर. तिनं आकडा परत विचारून घेतला. म्हणाली, कुलूप फक्त पालकांनाच काढता येतं सर, त्यांचा चार आकडी गुप्त क्रमांक लागेल. पालक कोण म्हणून नोंद आहे? मी म्हटलं, माझा मुलगा. आणि मूल? मी म्हटलं, मी. तिनं परत बासरी लावली. परत आल्यावर म्हणाली, नियमाप्रमाणे मुलानं पालकांशी मोकळेपणानं बोलावं, असा आमचा सल्ला आहे.

असला सल्ला मी फुकट देत असे, दुकानदारांच्या पोरांना. घेतला कधी नव्हता.

मी स्वतःच आकडे शोधायला बसलो. मुलाच्या जन्माचं वर्ष टाकलं. चूक. नातीचं. चूक. त्याच्या लग्नाचं. चूक. घुबडानं चष्मा सारखा केला आणि म्हणालं, तीन प्रयत्न झाले, तुझ्या पालकांना कळवण्यात आलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना, सुचावा तसा, एक आकडा माझ्या डोक्यात लखकन चमकला. दोन, सात, एक, सहा. टाकला, आणि कुलूप उघडलं. हेडमास्तर म्हणाले, वा, काय स्मरणशक्ती. बायको नुसती खोकली. मी दात घासत असताना फोन वाजल्यासारखं तिला वाटलं होतं म्हणे. तिला अलीकडे बरेच भास होतात. पण मी त्या चार आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिलो होतो, हे खरं. माझ्याकडच्या पावतीपुस्तकात त्या जप्तीच्या पावतीची स्थळप्रत, म्हणजे नक्कल, होती, म्हणून मला आठवलं. मुलाकडे तर नुसती पावती होती. तळहाताएवढा कागद. सव्वीस वर्षं माणूस काय काय जपून ठेवतो.

असो. पुढचं सोपं. दिवसाला चार-चार तास. भोपळ्यांवरून घसरणं, तोफेतून उडणं, गोगलगायींची शर्यत. गोगलगायींना मी चौथा क्रमांक दिला, कारण या वयात आपल्याला जे झेपतं त्याला वरचा नंबर द्यावा. मधमाश्यांचा खेळ मात्र खरोखर देखणा. बेडूक शेपटीसारखा मधाचा वास मागे सोडत जातो आणि माश्या त्याच्यामागून ओळीनं येतात. सगळ्यांना पोळ्यापर्यंत न्यायचं, एकही मागे राहता कामा नये. नात त्यालाच पहिला का म्हणते ते मला तेव्हा कळलं. ती शाळेच्या सहलीतही मुलं मोजत चालते.

राहिला शेवटचा, होडीचा. आणि इथेच माझा पराक्रम.

होडीला दोन वल्ही, म्हणून माणसं दोन लागतात. एकाच्या हातात डावं, दुसऱ्याच्या हातात उजवं. दुसरा माणूस शेजारी बसलेला असो, नाहीतर दूर कुठेतरी आपल्या यंत्रापुढे असो, इंटरनेटवरून जोडलं की चालतं. पण मला दूरचं कोण असणार? आणि शेजारच्या सोफ्यावर बसायला बायकोनं स्वच्छ नकार दिला होता. तेव्हा मी एक रिमोट हातात धरला आणि दुसरा जमिनीवर ठेवून उजव्या पायाच्या अंगठ्यानं चालवला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगठ्याला इतकं नेमकं दाबता येत नाही. मी म्हटलं, तुमच्या पेशंटांच्या अंगठ्याला येत नसेल. माझ्या अंगठ्यानं खात्याची वीस किलोची वजनांची पेटी चौतीस वर्षं डुगडुगत्या गाड्यांत स्थिर धरलेली आहे. त्याला शिस्त आहे.

मग मी त्यांना होडी समजावून सांगितली. लोकांना वाटतं जोर लावला की होडी जाते. जोर लावला की ती गोल फिरते. थांबावं लागतं. आपलं वल्हं उचलून धरायचं आणि दुसऱ्याचं पाण्यात पडेपर्यंत वाट बघायची. तो कधी घाई करतो, कधी उशीर. चिडून उपयोग नाही, कारण त्या खेळात बोलायची सोय नाही. ओरडायचं म्हटलं तरी नाही. फक्त एक बटण असतं, ते दाबलं की बेडूक टोपी काढतो. पहिले चार दिवस आम्ही नुसते गोल फिरत होतो.

“आम्ही कोण?” हेडमास्तरांनी विचारलं.

“मी आणि अंगठा,” मी म्हटलं.

त्यांनी एक बोट दुमडलं.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही, म्हणजे होडी, पहिल्या वळणापर्यंत सरळ गेली. दहाव्या दिवशी खडकांतून निघाली. पदक मिळालं तेव्हा मी सोडायला हवं होतं, मला दुसरी कामं होती. पण सकाळी साडेपाचला जाग यायची आणि वाटायचं, एक फेरी मारून घेऊ. हेडमास्तर म्हणाले की त्या सुमाराला खालून हसण्याचा आवाज यायचा. मी म्हटलं, व्यायाम. फुफ्फुसांचा. आणि साडेपाचच का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर म्हटलं की अंगठा तेव्हा थंड असतो. दूरच्या एखाद्या देशात तेव्हा कामाची पाळी सुटत असेल, तर तो योगायोग. तो मुद्दा मी काढला नाही.

एकदा मात्र गंमत झाली. धबधब्याच्या तोंडाशी माझ्या हातून चूक झाली, होडी उलटली, दोन्ही बेडूक पाण्यात. मला फार वाईट वाटलं. नव्वद टक्के नदी सरळ आणली होती आणि चूक सर्वस्वी माझी. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून मी आपल्या बेडकाची टोपी काढली आणि तशीच धरून ठेवली. बराच वेळ. मग पलीकडच्या बेडकानंही हळूच काढली. अंगठा चुकून दाबला गेला असेल.

बायकोच्या हातातली शेंग तशीच होती.

मी घसा साफ केला आणि क्रमवारी वाचून दाखवली. अकरावा मासे, दहावा ढोल, नववा तोफ, असं करत वर. फळांचं दुकान यादीत आहे, सातव्या क्रमांकावर, पण समोर शेरा: ‘तराजू दुरुस्त करून पुन्हा सादर करावा.’ दुसरा मधमाश्या. पहिला होडी. फरक अर्ध्या गुणाचा.

हेडमास्तरांनी लगेच हरकत घेतली. होडी ही तुमच्या मुलाची निवड होती, हा पक्षपात. मी म्हटलं, निरीक्षकाला मुलगा नसतो. मग निकष कोणता लावलात ते सांगा. मी म्हटलं, साधा आहे. पदक मिळाल्यावरही जो खेळ माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बसतो, तो पहिला. आणि हे सगळं, लक्षात घ्या, मी एकट्यानं तपासलं. दोन हात आणि एक अंगठा. दुसरा माणूस या प्रकरणात कुठेही नाही. कप्पा होता तसा झाला, बटणं दोनशे चाळीस, पदकं अकरा, आणि त्या पोरीला आयुष्यात कधी कळणार नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या मागे बघत होत्या. मी वळलो. हेडफोन नातीच्या कानांवर नव्हते, गळ्यात होते. केव्हापासून, कुणास ठाऊक. टीव्हीवर बेडूक नव्हता. होडीचं आतलं पान उघडं होतं, ज्यावर कोण कधी खेळलं ते यंत्र स्वतःच लिहून ठेवतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती, एकाच वेळी, तिच्या बाबाला लहानपणी जमायचं तसं.

“खोटं, आजोबा,” ती म्हणाली. “अंगठ्याचं नाव कुठेच नाहीये. दुसऱ्या वल्ह्यावर बाबा आहेत. बावीस वेळा.”